सहाशे रुपयांचा लॉजिक अ‍ॅनालायझर: खरं सांगतो, पण अर्धंच

लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानाला सोयाबीन-तुरीचे भाव दाखवणारी पाटी करून दिली होती. कोड चालवणारा एक ईएसपी३२ बोर्ड आणि दिव्यांचे ठोकळे असलेले दोन डॉट मॅट्रिक्स, प्रत्येकात ते दिवे पेटवणाऱ्या मॅक्स ७२१९ च्या चार-चार चिपा. माझ्या टेबलावर आठ दिवस बिनबोभाट चालली. दुकानात लावली आणि दुसऱ्या सकाळी ऐन सौद्याच्या वेळेला फोन: "ही पाटी भाव दाखवायली का दिवाळी करायली हो?" जाऊन बघतो तर निम्मे ठोकळे फुल्ल पेटलेले, निम्मे काळे.

त्या पाटीपायी हा आठ चॅनेलचा, २४ मेगाहर्ट्झचा (सेकंदाला २.४ कोटी नमुने घेणारा) बिननावाचा लॉजिक अ‍ॅनालायझर ऑनलाइन मागवला. काडीपेटीएवढी डबी, वायरीवरून जाणारे 'शून्य-एक' चे इशारे टिपून संगणकाच्या पडद्यावर दाखवते. सोबत माहितीचा कागद नाही. सॉफ्टवेअर पल्सव्ह्यू, फुकट. विंडोजवर आधी झॅडिगने ड्रायव्हर बदलावा लागतो, लिनक्सवर हा ताप नाही. माझ्या डबीवर सीएच१ ते सीएच८ छापलंय आणि पडद्यावर दिसतं डी० ते डी७. पहिली अख्खी संध्याकाळ मी क्लॉकची (ठोके देणारी) वायर समजून डेटाचीच वाचत बसलो होतो.

क्लॉक ८ मेगाहर्ट्झचा असेल तर एका ठोक्याला जेमतेम तीन नमुने पडतात आणि आकडे भलतेच निघतात. कोडमध्ये तो १ वर आणला, मग चित्र स्वच्छ आलं. एसपीआय (या वायरींवरची बोली) उलगडणारा डिकोडर लावला तर '०सी ०१' ओळीने आठदा. म्हणजे चिपांना 'ऊठ' हा हुकूम. ही चिप वीज आल्यावर झोपलेलीच असते. हा हुकूम ऐकू आला नाही की ठोकळा काळा. आणि गडबडीत '०एफ' रजिस्टरमध्ये १ जाऊन बसला की टेस्ट मोड, सगळे दिवे फुल्ल. दिवाळी कुठून आली ते कळलं. पण हुकूम तर बिनचूक जात होते, शेवटच्या बिटानंतर सीएसही (हुकूम पुरा झाला हे चिपला सांगणारा इशारा) बरोबर वर जात होता.

इथे माझा दीड दिवस गेला. मॉड्यूल बदललं, वायरी आखूड केल्या, कोडला शिव्या घातल्या. डबीचं आपलं एकच, सगळं ठीक आहे.

शेवटी साधा मीटर काढला. सीएस रिकाम्या वेळी वरच असतो, तिथे टोक टेकवलं: ३.२८ व्होल्ट. मॅक्स ७२१९ च्या डेटाशीटमध्ये 'एक' धरायला किमान ३.५ लागतात असं लिहिलंय. डबीला त्याहून कमीतही 'एक' दिसतो, आणि व्होल्ट किती ते ती सांगतच नाही. टेबलावर लॅपटॉपच्या लांब यूएसबी केबलमुळे चिपांना ४.६ च मिळत होते, म्हणून ईएसपी३२ च्या ३.३ वर निभावलं. दुकानातला नवा अ‍ॅडॉप्टर ५.१ देतो, वीज वाढली तशी चिपची अपेक्षाही वाढली.

त्यावर उपाय म्हणून मध्ये ७४एचसीटी१२५ ही इशारा चढवून देणारी चिप बसवली. तिला २ व्होल्टला 'एक' कळतो आणि पुढे पाच व्होल्ट देते. १, ४, १०, १३ या पिना ग्राउंडला घ्यायच्या, नाहीतर ती गप्पच. एचसीटीच घ्या, नुसती एचसी नको. ती पुण्याहून येईपर्यंत चार दिवस पाटीच्या पाच व्होल्टच्या वायरीत व्होल्ट थोडे उतरवायला १एन४००७ डायोड घालून आणि उजेड कमी करून वेळ मारून नेली. मालक म्हणाले, "भाव पडल्यावानी दिसायलंय."

पाचपैकी साडेतीन. डिकोडरसाठी पूर्ण मार्क, एवढ्या पैशात दुसरं काही मिळत नाही. क्लिपांचे मात्र कापले: आठातल्या तीन पहिल्याच आठवड्यात ढिल्या. ग्राउंडची क्लिप निसटली की पडद्यावर नुसता कचरा येतो, आणि आपण पुन्हा कोडमध्ये चूक शोधायला लागतो. मी ती वायर आता सोल्डरच केली आहे.