वाडीचा धरमकाटा: ट्रकला चांगला, ट्रेलरला नाही

नागपूरच्या अमरावती रोडवर वाडीच्या पुढचा हा धरमकाटा (गाड्या तोलायचा मोठा वजनकाटा) एक-दोन गाड्यांच्या मालकांना कामाचा आहे. रात्रीही सुरू असतो, पावती कॉम्प्युटरची मिळते, सरकारच्या वैधमापन खात्याचं प्रमाणपत्र खिडकीतच लावलंय. काट्याची पडताळणी दर 12 महिन्यांनी लागते, त्यामुळे कुठल्याही काट्यावर आधी ती तारीख बघा.

पाटा, म्हणजे गाडी उभी करायची जागा, 40 फुटी. 14 ते 22 फुटांच्या गाड्या आरामात बसतात. ट्रेलर बसत नाही, तरी काट्यावरची पोरं आधी घोडा (पुढचा इंजिनचा भाग), मग मागचा भाग चढवून दोन्ही वजनांची बेरीज छापून देतात. ती पावती घेऊ नका. एका बाजूचा उतार खचलाय. अर्धी गाडी तिथे कलून उभी राहिली की भार सरकतो आणि बेरीज चुकते.

रिकाम्या गाडीचं वजन जुन्या पावतीवरून धरू नका. 300 लिटरची टाकी भरली की जवळपास 250 किलो वाढतात. रिकाम्या गाडीचं वजन रिकाम्या टाकीवर आणि भरलेल्या गाडीचं फुल टाकीवर केलं, तर तेवढा फरक मालाच्या वजनात येतो आणि व्यापाऱ्याशी वाद ठरलेला.

गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा काट्यावरच्या पोराला विचारायची नाही, आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) बघायची. 2018 मध्ये दोन ॲक्सलच्या ट्रकची मर्यादा 16.2 वरून 18.5 टन झाली, पण आरसीवर 16,200 असेल तर तेच खरं. 18,500 किलोच्या गाडीचं मालासकट वजन 20,500 भरलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे दंड 20,000 रुपये अधिक जादा टनामागे 2,000, म्हणजे 24,000. जादा माल उतरवायचा खर्च वेगळा, आणि तो उतरल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. वजन करायला नकार दिला तर 40,000. छोटा हाथीवाल्यांनीही (छोट्या टेम्पोवाल्यांनी) हे वाचावं: 3,000 किलोपर्यंतच्या गाडीला परमिट लागत नाही, ओव्हरलोडचा दंड मात्र लागतो.

इथे प्रत्येक ॲक्सलचं (चाकांच्या आसाचं) वेगळं वजन मिळत नाही, ही खरी उणीव. एकूण 18.5 टनात बसलं तरी माल मागे रेटला असेल तर मागचा ॲक्सल त्याच्या 11.5 टनांच्या मर्यादेवर जातो. बुटीबोरीहून लोखंड भरणाऱ्यांनी जड माल पुढे घ्यावा.

पावसाळ्यात पाट्याखाली चिखल साचतो आणि पाटा अडकतो. गाडी चढवण्याआधी क्लीनरला खाली उतरवा, डिस्प्लेवर शून्य दिसतंय का ते बघायला सांगा. दिसत नसेल तर पैसे देऊ नका.