गरोदरपणातली सूज ‘उतरवणारी’ पावडर : आमची फसवणूक कशी झाली

‘गरोदरपणात पाय सुजलेत? नऊ दिवसांत सूज गायब, शंभर टक्के आयुर्वेदिक’ अशी जाहिरात तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या मोबाइलवर येत असेल, तर हे पूर्ण वाचा. माझ्या धाकट्या बहिणीला याच जाहिरातीने गाठलं. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण जे जाता जाता राहिलं ते पैशापेक्षा फार मोठं होतं.

बहीण पहिलटकरीण. सातव्या महिन्यात तिला माहेरी, बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावी आणलं. एप्रिलचं ऊन. संध्याकाळ झाली की तिचे घोटे भरून यायचे, बोटाने दाबलं की खड्डा पडायचा, चपलेचा पट्टा रुतायचा. सकाळी उठली की पाय पुन्हा हलके. डॉक्टरांनी बीपी आणि लघवी तपासून सांगितलं होतं की सध्या काळजीचं काही नाही. तरी पायाकडे बघून आल्यागेल्याने काहीतरी बोलायचं, कुणी मीठ तोडायला सांगायचं, कुणी पाणी कमी प्यायला. ती वैतागली होती. तिने मोबाइलवर सुजेबद्दल काही शोधलं आणि त्या दिवसापासून तिच्यासमोर याच जाहिराती यायला लागल्या.

जाहिरातीतल्या नंबरवर मेसेज केला की एक ‘डॉक्टर मॅडम’ बोलायला येते. तिने आधी पायांचा फोटो मागितला. फोटो बघून तिचं पहिलंच वाक्य होतं : “ताई, हे साधं नाहीये, पाणी किडनीपर्यंत गेलंय.” फोटोवरून किडनीचं काही कळत नाही, पण आठव्या महिन्याच्या उंबरठ्यावरच्या बाईला हे वाक्य रात्रभर झोपू देत नाही. दुसऱ्या दिवशी दिलासा : घाबरू नका, आमच्याकडे पुनर्नवा, गोखरू आणि धण्याची पावडर आहे, बाळाला काही अपाय नाही, फक्त १,४९९ रुपये. सोबत इतर ‘ताईं’च्या पायांचे आधीचे आणि नंतरचे फोटो. मी ते फोटो नंतर नीट पाहिले. सांगलीच्या ताई आणि नाशिकच्या ताई म्हणून पाठवलेल्या दोन फोटोंत जोडवी तीच होती आणि अंगठ्याजवळचा डागही तोच.

पुनर्नवा आणि गोखरू ही नावं खरी आहेत. पुनर्नवेला आपल्याकडे घेटुळी म्हणतात, पावसाळ्यात बांधाला उगवते, आजीने तिची भाजी केलेली मला आठवते. ओळखीची नावं ऐकली की माणसाचा संशय मावळतो, आणि हे लोक त्याचाच फायदा घेतात. डबीत खरंच काय आहे ते त्या नावांवरून कळत नाही.

पावडर सुरू झाली आणि सूज खरोखर उतरली. या फसवणुकीतली सगळ्यात घातक गोष्ट मला हीच वाटते. बहिणीला सारखी लघवीला व्हायची, वजन उतरलं, घोट्याचं हाड दिसायला लागलं. घरातले खूश. मॅडमने लगेच ‘दुसरा टप्पा’ सुचवला, ४,२०० रुपयांचा, आणि त्यासोबत तीन सूचना दिल्या. लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांनी पाणी धरतं, त्या बंद करा. आणि पावडरीबद्दल दवाखान्यात बोलू नका, ते लोक घाबरवून सिझर करतात. पुढची तपासणी कोर्स संपल्यावर करा, म्हणजे रिपोर्ट ‘क्लीन’ येईल. बहिणीने ती तपासणी पुढे ढकलली. तोंडाला कोरड पडणं, पायात गोळे येणं, उठताना चक्कर, हे सगळं तिने मॅडमला कळवलं होतं. उत्तर ठरलेलं : “विषारी द्रव्यं बाहेर पडतायत, चांगलं लक्षण आहे.”

मग चेहरा सुजला. पाय बारीक आणि डोळ्यांखाली, पापण्यांवर, हाताच्या बोटांवर सूज, तीही झोपून उठल्यावर. अंगठी निघेना. डोकं दोन्ही बाजूंनी ठणकत होतं. तपासणी का चुकली हे विचारायला आमच्या गावच्या आशाताई घरी आल्या. त्यांनी बहिणीचं तोंड पाहिलं आणि चहासुद्धा न घेता तिला उपकेंद्रात नेलं. नर्सबाईंनी बीपी घेतलं, पुन्हा घेतलं : १६४ वर ११०. लघवीत प्रोटीन भरपूर. त्यांनी १०८ ला फोन केला. सोलापूरला पोचेपर्यंत बहिणीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४० वर ९० किंवा त्यापुढे जातं, बहुतेक वेळा लघवीतून प्रोटीन जायला लागतं, आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर झटके येऊ शकतात, आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. बहिणीला झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट दिलं, बीपीची औषधं दिली, बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शनं दिली आणि त्यांचा परिणाम होईल इतका वेळ कसाबसा काढून सिझर केलं. मुलगी झाली. काचेत ठेवावी लागली. आता दोघी बऱ्या आहेत.

त्या पावडरीमुळे बीपी वाढलं असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत, आणि मीही म्हणणार नाही. हा आजार पावडर न घेताही होतो. पण घरच्यांना दिसणारी खूण होती सूज, ती पावडरीने पुसली. बीपी मोजणारी तपासणी होती, ती मॅडमने टाळायला लावली. आजार आत वाढत राहिला आणि आम्ही बारीक झालेल्या पायांकडे बघून निश्चिंत होतो. डॉक्टरांनी डबी मागवून घेतली. अशा पावडरींत कधीकधी लघवी वाढवणारी गोळी कुटून मिसळलेली असते, लक्षणं तशीच दिसतात, पण प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. गरोदरपणातल्या साध्या सुजेला लघवीची गोळी देत नाहीत हेही त्यांनी सांगितलं. त्या गोळीने रक्तातलं पाणी आणि पोटॅशियम कमी होतं, बाळाकडे जाणारा रक्तपुरवठा घटण्याचा धोका असतो.

साधी सूज मुळात येते कशाने तेही त्यांनीच बहिणीला समजावलं. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ निम्म्याने वाढतं आणि त्यात पाण्याचा भाग जास्त असतो. वाढलेलं गर्भाशय पायांकडून रक्त वर आणणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब देतं. म्हणून दिवसभर उभं राहिलं किंवा पाय लोंबकळत बसलं की संध्याकाळी पाणी खाली उतरतं, उन्हाळ्यात अधिकच. डाव्या कुशीवर झोपायचं, दुपारी पायांखाली उशी घेऊन आडवं व्हायचं, बसल्या बसल्या घोटे गोल फिरवायचे, थोडं चालायचं, घट्ट पैंजण आणि मोजे काढून ठेवायचे. पाणी अजिबात तोडायचं नाही. मीठ जेवणातलं नेहमीएवढं चालेल, पापड, लोणचं, फरसाण आवरायचं. या सगळ्याला एक रुपया लागत नाही. मला राग येतो तो याचाच, की ज्यावर उशी पुरते त्याच्यावर या लोकांनी आमच्याकडून जवळपास सहा हजार काढले आणि ज्याला खरोखर डॉक्टर हवा होता तिथे डॉक्टरपासून तोडलं.

सूज अचानक वाढली, सकाळी चेहऱ्यावर किंवा हातांवर दिसली, डोकं थांबेना, नजर अंधुक झाली, बरगडीखाली उजवीकडे दुखायला लागलं, तर त्याच दिवशी बीपी मोजून घ्या, रात्र असली तरी. एकाच पायाला सूज, दुखणं आणि लाली असेल तर ती शिरेतली गुठळी असू शकते, तीही लगेच दाखवा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते.

घरी आल्यावर मी त्या डबीचा पाठपुरावा केला. डबीवर चौदा आकडी नंबर होता, मॅडम त्याला ‘सरकारी मान्यता’ म्हणायची. तो एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नपदार्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा नंबर. त्याच्यावर रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवान्याचा नंबर, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच आणि तारखा लागतात, इथे यातलं काही नव्हतं. मी मॅडमला नोंदणी क्रमांक विचारला. महाराष्ट्रात आयुर्वेदाच्या डॉक्टरची नोंद महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. तिने आधी ‘मी सल्लागार आहे’ म्हटलं, मग मला ब्लॉक केलं.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. पैसे परत मागितल्यावर दुसऱ्याच नंबरवरून एका माणसाचा मेहुण्यांना फोन आला. रिफंड मंजूर झालाय, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे पाठवायला, पैसे घ्यायला पिन लागत नाही. मेहुण्यांनी फोन ठेवला.

आम्ही सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, अन्न व औषध प्रशासनाकडे डबीच्या फोटोंसह अर्ज दिला. १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय कायदा अशा जाहिरातींसाठीच आहे. ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला त्यात बंदी आहे त्या यादीत अंगात पाणी साठून येणारी सूज, रक्तदाब आणि स्त्रियांचे विकार तिन्ही आहेत. पैसे अजून मिळालेले नाहीत. जाहिरातीचं ते पान नाव बदलून पुन्हा सुरू झालंय, आता बाळंतपणानंतर पोट उतरवण्याची पावडर विकतात, फोटोत तेच पाय.

तुमच्याकडे अशी डबी असेल तर ती फेकू नका. व्हॉट्सॲपवरचं बोलणं, पैसे भरल्याच्या पावत्या, पार्सलवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता यांचे फोटो काढा, ब्लॉक होण्याआधी चॅट दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा. आणि पावडर घेणारी कुणी आत्ता गरोदर असेल तर डबी घेऊनच तिला आज दवाखान्यात न्या, काय पोटात गेलंय ते डॉक्टरांना कळलं पाहिजे.