काटा 65 वर होता, आणि तो बरोबरच होता

2024 चा मे. नवतपा, म्हणजे मे अखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस, लागायला आठवडा उरला होता आणि आईच्या खोलीतला एसी दुपारी बारानंतर नुसता वारा फेकायला लागला. आम्ही नागपूरचे, त्यामुळे बाकी घराचं कूलरवर भागतं. पण आईचं वय 83, त्यात दमा. कूलरच्या ओल्या हवेनं तिची छाती भरते. म्हणून 2012 मध्ये तिच्या खोलीपुरता दीड टनाचा स्प्लिट एसी घेतला होता. बारा वर्षं त्यानं कुरकुर केली नव्हती. आम्हीही त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

नेहमीचा मिस्त्री फोन उचलेना. मे महिन्यात एसीवाला मिस्त्री मिळणं म्हणजे लग्नसराईत मंगल कार्यालय मिळण्यासारखं. मी मोबाइलवर कंपनीचं नाव टाकलं, पुढे ‘सर्व्हिस सेंटर नागपूर’, आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. ती जाहिरात होती. तसं बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं, पण घामाघूम माणूस बारीक अक्षरं वाचत नाही. पलीकडच्या बाईंनी मॉडेल विचारलं, पत्ता घेतला आणि तक्रार क्रमांकाचा मेसेजही पाठवला. व्हिजिट चार्ज 499. मला तर कंपनीशीच बोलल्यासारखं वाटलं.

दोन तासांत दोन पोरं हजर. निळे टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, अतिशय अदबीनं बोलणारी. आईनं पन्हं दिलं, तर त्यातला एक तिच्या पाया पडला.

एसीचं आउटडोअर, म्हणजे बाहेरचं यंत्र, गच्चीवर आहे. मी त्यांच्यासोबत वर गेलो. एकानं पान्यानं टोपण काढलं, गॅसचा दाब मोजायचा निळा गेज लावला आणि म्हणाला, “अंकल, इकडे या, स्वतः बघा.” मी वाकून बघितलं. काटा 65 वर. “पाहिजे किती? 130. तुमचा अर्धा गॅस उडालेला आहे.” खिशातून मोबाइल काढून त्यानं कुठलासा तक्ता दाखवला. त्यातही 130 च होतं.

त्यानं दाखवलेला काटा खरा होता आणि तक्ताही खरा होता. फक्त तो तक्ता माझ्या एसीचा नव्हता. माझा एसी आर-22 गॅसवरचा. त्याचं बॅक प्रेशर, म्हणजे मशीन चालू असताना निळ्या गेजवर दिसतं ते, 60 ते 70 च्या आसपासच असतं. 110 ते 130 असतं ते आर-410ए आणि आर-32 वर चालणाऱ्या नव्या एसींचं. कोणता गॅस आणि किती, हे आउटडोअरच्या पत्र्यावर छापलेलं असतं. मी वाकलो होतो तेव्हा ती पट्टी माझ्या नाकासमोर होती: आर-22, 1.15 किलो. मी काटा बघत बसलो.

गॅस भरल्याचे 4,200 घेतले. गळती कुठे आहे ते शोधलं का, तर नाही. “बारीक असते अंकल, दिसत नाही.” एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. एवढं साधं मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, पैसे गेल्यावर कळलं.

त्या रात्री गारवा बरा वाटला. दुसऱ्या दिवशी दुपारी एसी पंधरा मिनिटं चालायचा, मग आउटडोअर खटकन बंद. वीस मिनिटांनी पुन्हा सुरू, पुन्हा खटकन. पोरं परत आली. “कंडेन्सर गेला.” मिस्त्रीलोक कपॅसिटरला, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू व्हायला मदत करणाऱ्या छोट्या डबीला, कंडेन्सर म्हणतात. तो बदलल्याचे 1,850. मी गच्चीवर गेलो नाही. ऊन फार होतं.

तिसऱ्या खेपेला निकाल लागला: कॉम्प्रेसर गेला. नवा टाकायचा तर 16,500, आणि वॉरंटी फक्त तीन महिने. मग तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला आणि घरच्यासारखं समजावू लागला. “अंकल, बारा वर्षांचा डब्बा आहे. याच्यात पैसे कशाला घालता? आर-22 तर जानेवारीपासून सरकार बंद करतंय. तुमचा थ्री स्टार आजच्या हिशेबात वन स्टारपण नाही. कंपनीची एक्स्चेंज स्कीम आहे, फाइव्ह स्टार देतो, जुन्याचे सहा हजार वजा. आज बुकिंग केलं तर परवा फिटिंग.”

यातलं एकेक वाक्य घेऊन मी नंतर बसलो. आर-22 ओझोनच्या थराला मारक आहे आणि माँट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्यानं हद्दपार होतो आहे, हे खरं. 1 जानेवारी 2025 पासून आपल्याकडे नवी यंत्रं बनवताना तो वापरायला बंदी, हेही खरं. पण चालू असलेल्या जुन्या एसीच्या दुरुस्तीसाठी तो मिळत राहणार होता, हे त्यानं गिळलं. स्टारचे निकष बीईईनं, म्हणजे ते ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं, 2018 आणि 2022 मध्ये कडक केले, त्यामुळे 2012 चे तीन स्टार आजचे तीन नव्हेत, हेही खरंच. निव्वळ खोटं बोलला असता तर मी कदाचित पकडलं असतं. बँकेत तीस वर्षं काढली आहेत मी. पण अर्ध्या खऱ्याला पकडायचं कुठून?

22,000 आगाऊ मागितले. मी क्यूआर कोड स्कॅन केला. पडद्यावर कंपनीचं नाव यायला हवं होतं. आलं एका माणसाचं, आडनावासकट. मी विचारलं. “आमचे सुपरवायझर आहेत, त्यांच्याच खात्यावरून बिलिंग होतं.” बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “अहो, जरा थांबा ना, दादांना विचारू.” दादा म्हणजे तिचा भाऊ. मी तिच्याकडे न बघता पिन टाकला. मागच्या खोलीत आई ओल्या टॉवेलनं मान पुसत होती आणि मला तो विषय संपवायचा होता. दुसरं काही कारण नव्हतं.

परवा कोणी आलं नाही. तेरवा फोन बंद. बिलावर छापलेल्या पत्त्यावर गेलो, तर तिथे झेरॉक्सचं दुकान होतं. एसीसोबत आलेलं पुस्तक कपाटातून काढलं, त्याच्या मागच्या पानावर कंपनीचा खरा नंबर होता. त्यांनी अनुक्रमांक विचारून सांगितलं की या मशीनवर आमच्याकडे एकही तक्रार नोंदलेली नाही.

1930 या सायबर हेल्पलाइनला मी चौथ्या दिवशी फोन केला. पहिले दोन दिवस ‘येतील, येतील’ म्हणण्यात आणि तिसरा लाज वाटण्यात गेला. पैसे गेल्या गेल्या पहिल्या तासात फोन केला तर पुढच्या खात्यात रक्कम अडकवता येण्याची शक्यता बरीच असते. चार दिवसांत ती तीन-चार खाती फिरून निघून जाते. माझे 3,100 कुठल्याशा खात्यात पडून होते, ते आठ महिन्यांनी परत मिळाले. एकूण गेले होते 28,549. ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही तक्रार दिली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही हे तिथे कळलं, पण खटला भरायचा कोणावर? झेरॉक्सवाल्यावर?

शेवटी मेव्हण्यानं सक्करदऱ्याचा एक मिस्त्री पाठवला. साठीचा माणूस, सायकलवर सिलिंडर बांधून आला. आधी पंधरा मिनिटं काहीच केलं नाही, नुसता एसी चालवून आवाज ऐकत बसला. मग गच्चीवर गेज लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “काकाजी, हे कोणं भरलं जी?” काटा 105 च्या पुढे होता. जास्तीचा गॅस ठासून भरल्यामुळे कॉम्प्रेसरवर ताण येत होता, तो तापायचा आणि आतलं संरक्षण त्याला बंद करायचं. खटकन ते. म्हणजे दुसरं आणि तिसरं दुखणं पहिल्या औषधानं दिलेलं होतं.

झाकण उघडून त्यानं कपॅसिटर बाहेर काढला, फडक्यानं पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. त्यावर 2012 चा छाप होता. 1,850 रुपये ‘बदलल्याचे’ मी दिले होते, तो हाच. मीटरवर लावून बघितला तर ठणठणीत.

मग मूळ बिघाड काय होता? आउटडोअरची मागची जाळी. शेजारी वर्षभर बांधकाम चालू होतं. सिमेंटची धूळ आणि कबुतरांची पिसं मिळून जाळीवर गोधडीसारखा थर बसला होता. उष्णता बाहेर फेकायलाच वाट नव्हती, मग दुपारच्या पंचेचाळीस अंशांत गारवा येणार कुठून? त्यानं पाण्याच्या पाइपनं जाळी धुतली. पोरांनी कोणता गॅस भरला याचा भरवसा नाही म्हणून आतला सगळा काढला, पंप लावून नळ्या रिकाम्या केल्या आणि सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून आर-22 मोजून भरला. 1.15 किलो. पट्टीवर आहे तेवढाच. सगळ्याचे मिळून 3,600 घेतले आणि म्हणाला, “पहिल्याच दिवशी धुतला असता तं पाचशेत झालं असतं.”

एसी बदलायचा की नाही, हा प्रश्न मात्र खराच होता आणि आहे. तो मी थंड डोक्यानं, थंड खोलीत बसून सोडवला. आमच्याकडे एसी चालतो एप्रिल, मे आणि अर्धा जून. रोज सहा तास धरले तर वर्षाला साधारण 450 तास. जुना तासाला 1.4 युनिट खात असेल आणि नवा फाइव्ह स्टार 0.9, तर वाचतात सव्वादोनशे युनिट. वीजबिलातल्या वरच्या स्लॅबचा 15 रुपये दर धरला तरी साडेतीन हजारांच्या आत. पंचेचाळीस हजारांचा एसी वसूल व्हायला तेरा वर्षं. स्टारच्या लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात ते 1600 तासांच्या हिशेबानं. तेवढा एसी आमच्या घरी साडेतीन वर्षांत चालतो. माझा पुतण्या मुंबईत आहे, त्याच्याकडे आठ महिने रात्रभर एसी असतो. त्यानं जुना ठेवला तर त्याला मी वेड्यात काढीन. त्याचा हिशेब त्याच्या घरचा, आमचा आमच्या. मिस्त्रीला फायदा कोणता ते मिस्त्री बघणारच, पण हा गुणाकार मी कोणी घरात यायच्या आधी करायला हवा होता. पाचवीतल्या पोराला येईल असा आहे.

मिस्त्री जाताना एवढं मात्र बोलून गेला की आतली कॉइल गंजायला लागली आहे आणि ती एक ना एक दिवस गळेलच. तेव्हा नवा घेऊ, बहुतेक थ्री स्टार, आणि दिवाळीनंतर, जेव्हा मिस्त्री फोन उचलतात. सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 चा 18 टक्के झाला आहे, म्हणजे थांबण्यात नुकसान झालं नाही. बायकोनं इनडोअरच्या बाजूच्या भिंतीवर कंपनीचा खरा नंबर, गॅसचं नाव आणि वजन मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे. नव्या रंगाच्या भिंतीवर. मी काही बोललो नाही.

आईला यातलं काहीच सांगितलेलं नाही. दरवर्षी पन्हं केलं की ती विचारते, “तो पाया पडला होता तो पोरगा चांगला होता रे. पुन्हा नाही बोलावलास त्याला?”