आमचे इन्शुरन्सवाले काका : ५ पैकी ४ स्टार

२५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा पुण्यात एकता नगरीच्या बाजूच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या स्विफ्टच्या सीटपर्यंत पाणी होतं. पाणी ओसरल्यावर चावी घेऊन खाली निघालेच होते, तेवढ्यात काकांचा फोन आला. "चालू होते का बघायला जाऊ नकोस हां, स्टार्टर मारलास तर इंजिन गेलं समज. फोटो काढ, मला पाठव, आणि टोइंगवाल्याची वाट बघ." काका म्हणजे आमचे इन्शुरन्स एजंट, आणि हा रिव्ह्यू त्यांचाच.

शेजारच्यांनी मात्र स्टार्टर मारला. पाणी इंजिनात ओढलं गेलं, इंजिन जॅम. त्यांच्याकडे "फुल इन्शुरन्स" होता म्हणे, पण नुकसान बघायला आलेल्या कंपनीच्या सर्व्हेअरने सांगितलं की पुराने गाडी भिजली ते आम्ही देऊ, भिजलेली गाडी तुम्ही चालू केलीत त्याचं आम्ही देणार नाही. त्याला इंजिन प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन, म्हणजे जास्तीचे पैसे भरून घ्यायचं वेगळं कव्हर लागतं, ते त्यांनी घेतलेलं नव्हतं. पॉलिसीवर फुल इन्शुरन्स असा शब्द कुठेच नसतो हे मला तरी त्या दिवशीच कळलं, तो शब्द आपण आणि शोरूमवाल्यांनी मिळून तयार केलाय.

काकांची एक सवय मला फार आवडते. ते आधी कागद उलटा धरून समोरच्याला विचारतात, यातलं तुझ्या गाडीसाठी किती आहे? बहुतेकांचं उत्तर चुकतं, माझंही चुकलं. कायद्याने जो सक्तीचा आहे तो फक्त थर्ड पार्टी, म्हणजे मी कोणाला ठोकलं तर त्याच्यासाठी. समोरचा माणूस जखमी झाला किंवा गेला तर कोर्ट ठरवेल तेवढी भरपाई कंपनी देते, त्याला वरची मर्यादा नाही, आणि कोणाची गाडी, टपरी, कंपाऊंडची भिंत पाडली तर साडेसात लाखांपर्यंत. माझा स्वतःचा दरवाजा चेपला तर त्यातून शून्य रुपये. तो इन्शुरन्स नसताना पकडलात तर पहिल्यांदा २००० दंड, परत सापडलात तर ४०००, आणि कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही सोय आहे. लोक दंडाला घाबरतात, पण काका म्हणतात अगं दंड सोड, कोणाला लागलं आणि पॉलिसी संपलेली असली तर ट्रिब्युनल, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणारं कोर्ट, जी रक्कम लावेल ती तुझ्या घरातून जाईल. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता.

थर्ड पार्टीचा रेट सरकार ठरवतं त्यामुळे "आमच्याकडे स्वस्त" हा प्रकार तिथे चालत नाही. माझी गाडी ११९७ सीसी, म्हणजे १००० ते १५०० च्या गटात, त्याचे ३४१६ रुपये, वर १८ टक्के जीएसटी धरून ४०३१. मी एका ॲपवर (नाव घेत नाही) बघितलं तेव्हा टोटल प्रीमियम काकांपेक्षा अडीच हजारांनी कमी दिसला आणि मी त्यांना जरा तोऱ्यातच स्क्रीनशॉट पाठवला. त्यांनी फक्त "आयडीव्ही बघ" एवढंच लिहिलं. गाडीची किंमत ॲपने गुपचूप पाऊण लाखाने कमी धरलेली! आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार भंगार झाली तर हातात येणारी रक्कम. ती कमी केली की प्रीमियम आपोआप स्वस्त दिसतो, त्यात कोणाची हुशारी नाही.

आणखी एक घोळ नव्या गाडीवाल्यांसाठी सांगते कारण माझ्या भावाचा झाला. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी एकदमच घ्यावा लागतो. शोरूममध्ये सोबत जो ओन डॅमेज (म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा) देतात तो बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो, पण कागदावर मोठ्या अक्षरात तीन वर्षं दिसतात म्हणून भाऊ निवांत, दुसऱ्या वर्षी रिन्यूच केलं नाही आणि रिव्हर्स घेताना खांबाला मागची बाजू घासली तेव्हा समजलं. पोलिसांना दाखवायला पॉलिसी चालू होती, गॅरेजवाल्याला दाखवायला नव्हती.

आता माझ्या क्लेमचा हिशोब. माझ्याकडे झिरो डेप (पार्ट जुने झाले म्हणून पैसे न कापणारं ॲड-ऑन) आणि इंजिन प्रोटेक्ट दोन्ही होतं. झिरो डेप नसतं तर प्लॅस्टिक आणि रबरच्या पार्टचे निम्मेच पैसे मिळतात, आणि हल्लीच्या गाडीत प्लॅस्टिक सोडून असतं काय. बिल आलं ४६,२०० आणि मला खिशातून भरावे लागले ४,१५०. त्यात हजार रुपये तर प्रत्येक क्लेमला कापतातच, १५०० सीसीच्या वरच्या गाडीला दोन हजार. बाकीचे ऑइल, कूलंट, नटबोल्ट असल्या किरकोळ गोष्टींचे, त्यासाठी कन्झ्युमेबल्स नावाचं अजून एक ॲड-ऑन असतं ते मी "हे काय आता नवीन" म्हणून नाकारलेलं. ती चूक माझी, काकांनी विचारलं होतं.

क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न करता काढलेल्या वर्षांसाठी प्रीमियमवर मिळणारा डिस्काउंट, जातो हे मात्र पचायला जड गेलं. माझा ३५ टक्क्यांवर होता, पुढच्या ऑक्टोबरला ४५ झाला असता, तो सरळ शून्य. म्हणूनच आदल्या वर्षी बंपर घासला होता तेव्हा काकांनी क्लेम करू दिला नव्हता, साडेचार हजारांचं काम होतं, म्हणाले स्वतः भर, हा डिस्काउंट वाचव. बाहेरचा एजंट असं कशाला सांगेल. आणि बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो, गाडी विकली तर पत्र घेऊन तो नव्या गाडीला लावता येतो, हेही तेव्हाच कळलं. फक्त पॉलिसी संपून ९० दिवस गेले की तो मेला.

रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी गेली तर बिलाची किंमत देणारं), की रिप्लेसमेंट (चावी हरवली तर) वगैरे जी बाकीची ॲड-ऑन असतात ती जुन्या गाडीला काका स्वतःच खोडतात. रोडसाइड असिस्टन्स मी ठेवते, खंबाटकी घाटात एकदा उपयोग झालाय.

मग एक स्टार का कापला? तर कारच्या थर्ड पार्टीबरोबर मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा जोडून येतो, तो माणसाला एकदाच पुरतो, गाडीगणिक घ्यायची गरज नसते. माझी स्कूटरही काकांकडेच, आणि मी सलग तीन वर्षं दोन्हीकडे भरत होते! मीच एके रात्री दोन्ही पॉलिसी शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा दिसलं. फोन केला तर म्हणतात, "तीनशे रुपयांचा तर प्रश्न गं, राहू दे." मी म्हटलं काका, घासलेल्या बंपरचे साडेचार हजार तुम्ही मला भरायला लावलेत, तीनशेचा हिशोब मी का सोडू. हसले, पण यंदा स्कूटरच्या फॉर्मवर ती टिक माझ्यासमोर काढली आणि कारची पॉलिसी जोडायला सांगितली.