एआय एजंटसाठी टूलचं वर्णन कसं तपासाल: नियमांची यादी, मॉडेलचे गुण की प्रत्यक्ष चाचणी?

रत्नागिरी-देवगडकडे आंब्याच्या ऑर्डरी घेणारं सॉफ्टवेअर तुम्ही सांभाळत असाल आणि हंगामाआधी ते एआय एजंटला (ग्राहकाचं म्हणणं समजून स्वतः कामं करणाऱ्या भाषा-मॉडेलला) जोडायचं ठरलं असेल, तर कोडइतकाच वेळ टूलच्या, म्हणजे एजंट वापरू शकेल अशा सॉफ्टवेअरमधल्या एकेका कामाच्या, वर्णनाला द्या. एजंटला तुमचा कोड दिसत नाही. त्याला दिसतं ते टूलचं नाव, त्याखालचं वर्णन आणि कोणती माहिती कशी भरायची याचा आराखडा. ओपनएआयने २०२३ मध्ये आणलेलं फंक्शन कॉलिंग वापरा किंवा अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एमसीपी) वापरा, मॉडेलला टूल जोडायच्या या दोन्ही पद्धतींत इथे फरक पडत नाही.

एक टूल समोर धरू. नाव ‘ऑर्डर नोंदवा’, वर्णन ‘आंब्याची ऑर्डर नोंदवते’, आणि भरायच्या दोन गोष्टी: प्रमाण आणि तारीख. ग्राहक लिहितो, ‘पाच पाठवा, ०४/०५ ला.’ पाच डझन की पाच पेट्या? पेटी म्हटली तरी तीत किती डझन बसणार ते फळाच्या आकारावर ठरतं. तारीख ४ मे की ५ एप्रिल? दोन्ही दिवस ऐन हंगामातले, पण भावात मोठा फरक. एजंट यातलं काहीतरी एक धरून चालेल आणि ऑर्डर नोंदली जाईल.

हे आधी पकडायचे तीन मार्ग आहेत.

नियमांची यादी सर्वात स्वस्त. प्रत्येक रकान्याला वर्णन आहे का, एकक लिहिलंय का, तारखेचा नमुना (२०२६-०५-०४ असा) ठरवून दिलाय का, ठरावीक पर्याय असतील तिथे जेसन स्कीमात (माहितीचा आराखडा लिहायच्या ठरावीक पद्धतीत) ते बांधून टाकलेत का, हे एक छोटी स्क्रिप्ट प्रत्येक बदलानंतर तपासू शकते. वरच्या टूलमधल्या दोन्ही चुका इथेच सापडतात. मात्र यादी एका वेळी एकच टूल बघते. ‘साठा पहा’ आणि ‘उपलब्धता पहा’ ही दोन टूल वेगवेगळी उत्तम उत्तीर्ण होतील, आणि शेजारी ठेवल्यावर एजंट गोंधळेल.

दुसरा मार्ग, एखाद्या मॉडेलला निकष देऊन वर्णनांना गुण द्यायला लावणं. अर्ध्या दिवसात उभं राहतं आणि संदिग्ध वाक्यं बऱ्यापैकी पकडतं. पण या गुणांवर निर्णय सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एक तर लांबलचक, नीटनेटक्या लिखाणाला झुकतं माप मिळतं, आणि ते लांब वर्णन पुढे प्रत्येक संभाषणात टोकन (मॉडेल ज्यांत मजकूर मोजतं ते तुकडे) खात बसतं. दुसरं जास्त गंभीर: परीक्षक मॉडेललाही तुमचा कोड माहीत नसतो. ‘ऑर्डर रद्द करते’ हे वाक्य स्वच्छ आहे, पण आत कोड लगेच पैसेही परत करत असेल तर वर्णन अपुरं आहे, आणि गुण मात्र पूर्ण मिळतील. म्हणून गुणांऐवजी प्रश्न मागा: ‘हे टूल वापरायला तुला आणखी काय माहीत असायला हवं?’ येणारी उत्तरं खरोखर कामाची असतात.

तिसरा मार्ग म्हणजे एजंटला कामं देऊन तो काय करतो ते बघणं. यात मेहनत आहे, पण वर्णन चालतं की नाही हे फक्त इथेच कळतं. कामं मनाने रचू नका. ग्राहकांचे जुने मेसेज नाव-नंबर काढून घ्या. ‘दोन पेटी, वायच कच्चेच द्या, गुरुवारच्या गाडीने’ असलं वाक्य टेबलाशी बसून सुचत नाही. काही कामं अशी ठेवा की ज्यांत कुठलंही टूल वापरायचं नाही, जसं ‘यंदा मोहोर कसा आहे?’ चाचणीसाठी डेटाबेस वेगळा ठेवा. एकच काम अनेकदा चालवा, कारण तेच मॉडेल दर वेळी तेच करेल याची खात्री नसते. एजंटचं शेवटचं उत्तर गोड असतं, त्यावर जाऊ नका. कोणतं टूल निवडलं, काय भरलं, आणि शेवटी डेटाबेसात काय नोंदलं गेलं ते तपासा. वर्णनात एका वेळी एकच बदल करा. थोडी कामं बाजूला राखून ठेवा, म्हणजे सुधारणा फक्त पाहिलेल्या कामांपुरती आहे का ते कळेल. आणि मॉडेल बदललं की सगळं पुन्हा चालवा.

मग निवड कशी करायची? टूल फक्त माहिती वाचत असतील (भाव, साठा, गाडीची वेळ), तर यादी आणि मॉडेलचे प्रश्न एवढ्यावर सुरुवात करायला हरकत नाही. एकही टूल ऑर्डर, पैसे किंवा पत्ता बदलत असेल, तर प्रत्यक्ष चाचणीशिवाय ते ग्राहकांसमोर आणू नका. हाताशी माणूस एकच असेल तर मॉडेलचे गुण सोडून द्या आणि तो वेळ चाचणीची कामं गोळा करायला लावा.

कुरिअर किंवा पेमेंटसाठी दुसऱ्या कुणाचा एमसीपी सर्व्हर (टूल पुरवणारा प्रोग्राम) जोडणार असाल, तर मात्र वर्णनं माणसाने पूर्ण वाचलीच पाहिजेत. वर्णन थेट मॉडेलच्या वाचनात जातं, त्यामुळे त्यात दडवलेली सूचनाही एजंट पाळू शकतो. टूल ‘फक्त वाचणारं’ आहे की ‘नुकसान करू शकणारं’ हे सांगणाऱ्या खुणा एमसीपीत आहेत, पण त्या निव्वळ इशारे आहेत. सर्व्हर विश्वासातला नसेल तर त्यांच्यावर विसंबू नये, असं मानकातच म्हटलं आहे. पैसे परत करणाऱ्या टूलआधी माणसाची मंजुरी लागेल, ही अट वर्णनात लिहून भागत नाही. ती कोडमध्ये घाला.