ताईची सही घेण्याआधी: दोन शहाणपणं समोरासमोर

खडकी, वानवडी भागातल्या जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या की आपल्या ख्रिस्ती घरांतही हक्कसोडपत्राचा, म्हणजे वारसाने आपला हिस्सा सोडल्याच्या कागदाचा, विषय निघतो. वडील मृत्युपत्र न करता गेलेले असतात आणि वारसांची नावं लावायची असतात. लग्न झालेल्या बहिणीची सही उरकून घ्यावी की तिचा हिस्सा तिच्यापुढे ठेवावा, या पेचात असलेल्या भावांसाठी हे लिहितेय.

व्यवहारी शहाणपण म्हणतं, तिला सासरी काही कमी नाही, लग्नात खर्च केलाच, आईला आपणच सांभाळणार. यातलं सगळंच खोटं नाही. आईचं औषधपाणी खरंच कुणाला तरी बघायचंय. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे प्रभू येशूचंच शिक्षण आहे (लूक १४). त्यामुळे वकील गाठणं, शेअर सर्टिफिकेट तपासणं म्हणजे विश्वासाची कमतरता नव्हे. कायदाही नीट बघा. १९२५च्या भारतीय वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलामुलींना सारखं. आई, तुम्ही आणि एकच बहीण असाल, तर तिघांना समान वाटा.

दुसरं शहाणपण म्हणजे वरून, देवाकडून येणारं ज्ञान. ते या हिशेबाच्या आड येत नाही. याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय उघडा. मनात मत्सर आणि स्वार्थ असेल तर ते ज्ञान पृथ्वीवरचं. शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, दयाळू, पक्षपात न करणारं असेल तर वरचं. म्हणजे कागद तोच असला तरी तो पुढे कसा सरकवला, यावर सगळं ठरतं. सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असतात. ताई विचारते, "यात काय लिहिलंय?" आणि उत्तर मिळतं, "काही नाही गं, नुसती फॉर्मॅलिटी आहे." माझ्या मते निर्णय तिथेच चुकतो.

लूक १२ मध्ये वाटणीचा वाद घेऊन आलेल्या माणसाचा न्यायाधीश व्हायला प्रभूने नकार दिला. त्यावरून बहिणीने हिस्सा मागूच नये, असं काही जण ठरवतात. मला ते अजिबात पटत नाही. लोभापासून सांभाळा हे त्याने सगळ्यांनाच सांगितलं, जागा ज्याच्या ताब्यात आहे त्यालाही. आणि जुन्या करारातल्या सलाफहादाच्या मुलींनी वडिलांचं वतन मागितलं तेव्हा त्यांचं म्हणणं रास्त आहे, असं परमेश्वरानेच मोशेला सांगितलं (गणना २७).

"आम्ही प्रार्थना करून ठरवलंय" असं म्हणून बोलणं तोडणारेही असतात. ते ऐकायला आध्यात्मिक वाटतं, पण याकोबाच्या यादीत 'समजूत होण्याजोगे' हाही गुण आहे. प्रार्थनेनंतरही ताईचं ऐकून घ्यावंच लागेल.

यात पैसा जाऊ शकतो, हे धरून चाला. मसुदा ताईला घरी नेऊ द्या, तिच्या ओळखीच्या वकिलाला दाखवू द्या. आईच्या वाट्याचं आईशी वेगळं बोला. सगळं कळल्यावरही ताईने आपणहून हक्क सोडला, तर आनंदाने घ्या आणि तिचे आभार माना.