निवासी शिबिर की शेतीशाळा: गटात नवे पुढारी कुठे तयार होतात?

शेतकरी गटाचा कारभार वर्षानुवर्षं त्याच दोघातिघांकडे असतो. त्यावर उपाय करायचं ठरलं की दोन वाटा समोर येतात. निवडक सभासदांना नेतृत्वाच्या दीर्घ अभ्यासक्रमाला पाठवायचं, किंवा सगळ्या गटाने मिळून हंगामभर शेतीशाळा, म्हणजे दर आठवड्याला शेतातच भरणारा वर्ग, चालवायची. शेतीशाळा म्हटलं की कीड-रोग आठवतात, त्यामुळे ही तुलना काहींना विचित्र वाटेल.

अभ्यासक्रमाची वाट चांगली मळलेली आहे. १९६५ साली अमेरिकेत केलॉग फाउंडेशनच्या मदतीने मिशिगन स्टेट विद्यापीठात तरुण शेतकऱ्यांसाठी असा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे अनेक ठिकाणी तोच साचा उचलला गेला. पंचवीस-तीस जणांची तुकडी, वर्ष-दोन वर्षांचा काळ, ठरावीक अंतराने दोन-तीन दिवसांची निवासी सत्रं आणि मध्ये अभ्यासदौरे. सभा कशी चालवायची, ताळेबंद कसा वाचायचा, अधिकाऱ्यांपुढे किंवा पत्रकारांपुढे मुद्दा कसा मांडायचा, हे तिथे नीट शिकायला मिळतं. शिवाय आपल्याहून वेगळं पीक घेणाऱ्या, वेगळ्या अडचणी सोसणाऱ्या शेतकऱ्यांशी ओळखी होतात. शेतीशाळा हे देऊ शकत नाही, हे आधीच कबूल करतो.

शेतीशाळेचा जन्म १९८९ मध्ये इंडोनेशियात झाला. भातावर तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक होत होता. फवारण्यांनी कोळी आणि किडींना खाणारे मित्रकीटक मरायचे, तुडतुडे मात्र दुप्पट जोमाने वाढायचे. सरकारने १९८६ मध्ये भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, पण बंदीनंतर बांधावर रोजचा निर्णय कोणी घ्यायचा हा प्रश्न उरलाच. तो शेतकऱ्यानेच घ्यावा म्हणून जी पद्धत बसवली गेली, तिच्यात नेतृत्वाचं शिक्षण आपसूक आलं.

पद्धत माहीत असेलच, तरी नेतृत्वाच्या अंगाने पुन्हा पाहण्यासारखी आहे. आठवड्यातून एकदा, पेरणीपासून काढणीपर्यंत. पंचवीसेक जणांचे पाच-पाच जणांचे उपगट. प्रत्येक उपगट शेतात आडवातिडवा फिरून दहा झाडं तपासतो, कीड आणि मित्रकीटक मोजतो आणि मोठ्या कागदावर चित्र काढतो. मध्ये पीक, वर ऊन किंवा ढग, एका बाजूला शत्रूकीटक, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक, खाली या आठवड्यात काय करायचं तो निर्णय. मग एकजण उभा राहून तो निर्णय सगळ्यांपुढे मांडतो आणि बाकीचे त्याला धारेवर धरतात. पुढच्या आठवड्यात मांडणारा बदलतो. प्रशिक्षकाला कोणी किडा दाखवून “हे काय आहे?” विचारलं, तर त्याने नाव सांगायचं नसतं. “कुठे सापडलं? किती होते? काय खात होतं?” असे उलट प्रश्न विचारायचे असतात. हे सोपं वाटतं, पण प्रशिक्षकांना सर्वांत जड हेच जातं.

माझा कौल शेतीशाळेकडे झुकला, त्याला कारण एक कटकट आहे: अभ्यासक्रमाला कोण जातो? ज्याच्या गैरहजेरीत घरचं कोणीतरी जनावरांचं बघेल, जो सफाईने अर्ज भरेल, ज्याला चार लोकांत बोलायची भीती नाही, तो. म्हणजे जो आधीच अर्धा पुढारी आहे. त्याची निवड करताना कोणाच्या मनात खोट नसते, पण गटातली उतरंड तिथेच पक्की होते. परत आल्यावर तो छान बोलतो, आणि तो छान बोलतो म्हणून बाकीचे आणखी गप्प होतात. सभा आटोपशीर होतात, इतिवृत्त नेटकं येतं, पण बोलणारी तोंडं तेवढीच. शिवाय शिकलेली गोष्ट वापरायची संधी कधी कधी महिना-दोन महिने येत नाही. तोवर टिपणांची वही कपाटात जाते.

शेतीशाळेत शिकणं आणि वापरणं यात तासाभराचंही अंतर नसतं. चुकीचा निर्णय मांडला तर पुढच्या आठवड्यात पीकच तो दाखवून देतं, त्यामुळे वाद माणसांवर जायच्या आधी झाडांवर येतो. ‘मला वाटतं’ऐवजी ‘दहा झाडांवर सहा’ असं बोलायची सवय लागते. पाण्याच्या पाळीवरून किंवा हिशेबावरून वाजतं तेव्हा हीच सवय उपयोगी पडते.

अर्थात शेतीशाळाही हमखास बिघडते. उपगट भावकीप्रमाणे पडले, तर घरातलाच वडीलधारा निर्णय देतो. म्हणून पहिल्याच दिवशी एक ते पाच आकडे मोजत उपगट पाडावेत. मार्कर पेन सगळ्यांत जास्त शिकलेल्याच्या हातात गेलं की हंगामभर तिथेच राहतं. चित्राची पद्धत खरं तर लिहिता न येणाऱ्यासाठीच आहे, म्हणून पेनाची पाळी वहीत आधीच लिहून ठेवावी. बायका येतात, मोजतात, रंगवतात, पण मांडायला पुरुष उभा राहतो. हेही पाळीनेच सुटतं, आग्रहाने नाही. आणि एक साधी तपासणी करावी: कोणी बोललं की वहीत त्याच्या नावापुढे खूण. चार सत्रांनी खुणा मोजल्या की गटाचं खरं चित्र दिसतं.

हंगाम संपला की शेतीशाळाही संपते, ही तिची मोठी उणीव. करार वाचणं, कर्जाची बोलणी, लेखापरीक्षण यांपैकी काही ती शिकवत नाही. ज्या गटात पाळीने बोलण्याची सवय आधीच मुरली आहे आणि आता महासंघावर किंवा पाणीवापर संस्थेवर माणूस पाठवायचा आहे, त्याने थेट अभ्यासक्रमाचा विचार केला तर मी आडवा येणार नाही. बाकीच्यांनी, जमल्यास, एक हंगाम शिवारात काढावा आणि मग पाठवणी करावी. तेव्हाही एकाला नको, दोघांना पाठवावं. परतल्यावर पंधरा दिवसांच्या आत त्यांनी बैठकीची तयारी करून द्यावी आणि अध्यक्षपद तिसऱ्याला द्यावं. त्या दोघांपैकी एक तरी असा असावा, ज्याच्या नावापुढे पहिल्या चार सत्रांत एकही खूण नव्हती.